घाटावरची नाझरीन मंडळी : बुलढाणा आणि कांपिनास

चर्च ऑफ द नाझरीन हा प्रॉटेस्टंट परंपरेतील एक सुवार्तावादी संप्रदाय आहे. त्याची स्थापना १३ ऑक्टोबर १९०८ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पायलट पॉइंट या गावी झाली असे मानले जाते. या संप्रदायात विलीन झालेल्या एका संघटनेचे मिशनरी मात्र त्याच्या दहा वर्षे आधी, १८९८ च्या आरंभी, मुंबई बंदरात उतरले आणि पुढे त्यांनी वऱ्हाडातील बुलढाणा हे आपले ठाणे केले. बुलढाण्याचे मिशन अशा रीतीने खुद्द संप्रदायाहून जुने आहे. साठ वर्षांनी, १९५८ मध्ये, याच संप्रदायाने ब्राझीलमधील कांपिनास या शहरात काम सुरू केले. आज कांपिनासची मध्यवर्ती मंडळी जगातील मोठ्या नाझरीन मंडळ्यांमध्ये गणली जाते. बुलढाणा जिल्ह्यात मात्र सर्व पंथांचे मिळून ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण एक टक्क्याच्या कितीतरी खाली आहे. एकाच संप्रदायाच्या या दोन केंद्रांना इतके वेगळे वळण का मिळाले, याचे उत्तर दोन्ही ठिकाणच्या भूगोलात आणि समाजरचनेत सापडते.

संप्रदायाची घडण

नाझरीन विचाराचे मूळ अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या शिकवणीत आहे. पापक्षमेनंतर माणसाचे अंतःकरणही याच जन्मी पूर्ण शुद्ध होऊ शकते, असे वेस्ली सांगत. या मताला संपूर्ण पवित्रीकरण म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मेथडिस्ट पंथ प्रतिष्ठित आणि सुखवस्तू झाला, तसा या शिकवणीचा आग्रह धरणारा गट त्यातून बाजूला होऊ लागला. फिनियस ब्रेझी यांनी १८९५ मध्ये लॉस एंजेलिस येथे गोरगरिबांसाठी स्वतंत्र मंडळी काढली. नासरेथ गावच्या सामान्य घरातील येशूची आठवण राहावी म्हणून तिला ‘नाझरीन’ हे नाव मिळाले.

त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असोसिएशन ऑफ पेंटेकॉस्टल चर्चेस ऑफ अमेरिका ही समविचारी संघटना उभी राहिली. तिच्या परदेशी मिशनकार्याचे सूत्रधार हायरम रेनल्ड्स होते. पूर्वेची ही संघटना आणि पश्चिमेची ब्रेझी यांची मंडळी १९०७ मध्ये शिकागो येथे एकत्र आल्या. दुसऱ्या वर्षी पायलट पॉइंटला दक्षिणेतील गट त्यांना मिळाला. एकत्रित संप्रदायाचे नाव आरंभी पेंटेकॉस्टल चर्च ऑफ द नाझरीन असे होते. अन्य भाषा बोलण्याच्या अनुभवावर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ पुढे वेगाने पसरली. तिच्याशी गल्लत होऊ नये म्हणून १९१९ मध्ये नाझरीनांनी नावातला तो शब्द काढून टाकला. सुरुवातीच्या काळात बुलढाण्याच्या मिशनलाही हे विशेषण लागे. आजच्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांशी त्याचा संबंध नाही.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग पडतात. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही गावे त्यात येतात. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा भाग त्यावर वसला आहे. जिल्ह्यातील लोक आजही ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असेच बोलतात. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्यानंतर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवरचे आणि थंड हवेचे बुलढाणा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. व्यापार मात्र घाटाखालीच राहिला.

या व्यापाराला अमेरिकेतील यादवी युद्धाने गती दिली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे मोर्चा वळवला आणि खामगाव ही मोठी कापूसपेठ झाली. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा मुख्यतः कापसासाठी टाकला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले होते. घाटावर रेल्वे चढली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमलापासून होत आली आहे.

मिशनरीही आधी रेल्वेच्या कडेने आले. अकोला येथे मार्क फुलर आणि जेनी फुलर हे दांपत्य काम करीत होते. भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांवर १९०० मध्ये प्रसिद्ध झालेले जेनी फुलर यांचे पुस्तक त्या काळी गाजले. त्यांचे काम पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेत सामील झाले. वऱ्हाड-खानदेशात ती ‘अलायन्स मिशन’ म्हणून ओळखली जाते आणि खामगाव व मलकापूर ही तिची ठाणी होती. एका मिशनच्या मुलखात दुसऱ्याने शिरू नये, असा संकेत प्रॉटेस्टंट संस्थांमध्ये असे. त्याप्रमाणे घाटाखाली अलायन्स आणि घाटावर नाझरीन अशी विभागणी रूढ झाली. नाझरीनांच्या वाट्याला आलेला मुलूख खेड्यांचा, कोरडवाहू शेतीचा आणि रेल्वेपासून दूरचा होता. मलकापूर स्टेशनावर उतरून घाट चढून बुलढाणा गाठायला बैलगाडीनेच जावे लागे.

पहिले मिशनरी आणि दुष्काळ

असोसिएशनने पाठवलेल्या पहिल्या तुकडीत एम. डी. वुड व त्यांच्या पत्नी, कॅरी टेलर, लिलियन स्प्रेग आणि फ्रेड वायली अशी पाच माणसे होती. मागे पैशाचे भक्कम पाठबळ नव्हते, मराठी येत नव्हती आणि वऱ्हाडची माहितीही बेताचीच होती. पाय रोवण्याआधीच त्यांच्यापुढे दुष्काळ उभा राहिला.

१८९६-९७ ची टंचाई सरते न सरते तोच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ वरून लोक त्याला ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणतात. ज्वारी आणि कापूस दोन्ही बुडाले, चाऱ्यावाचून गुरे मेली, आणि माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. त्यातच पटकीने बळी घेतले. १८९१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे ४ लाख २३ हजारांवर आली. दहा वर्षांत दर आठ माणसांमागे जवळजवळ एक माणूस कमी झाला. याच काळात संपूर्ण वऱ्हाडातील घट पाच टक्क्यांच्या आसपास होती. यावरून घाटावरच्या मुलखाची होरपळ लक्षात येते.

दुष्काळाने अनाथ केलेली मुले सांभाळणे हेच मग मिशनचे मुख्य काम झाले. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी याच वर्षांत शेकडो मुली-स्त्रियांना आसरा दिला. दौंडजवळही मिशनऱ्यांनी मुलांसाठी आश्रम काढला. बुलढाण्याचा अनाथाश्रम या साखळीतला एक लहान दुवा होता. महाराष्ट्रातील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास अशा आश्रमांपासून सुरू होतो. अन्नासाठी धर्म बदलला, हा आक्षेपही तेव्हापासूनचाच. आश्रमात वाढलेली मुले पुढे शिक्षक, उपदेशक आणि पाळक झाली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा आक्षेप पुरेसा ठरत नाही.

बुलढाण्याच्या मिशनचा पहिला डाव फार काळ टिकला नाही. कारभार आणि पैसा यांवरून वुड आणि अमेरिकेतील समिती यांच्यात बेबनाव झाला. १९०६ च्या सुमारास वुड आपल्या सहकाऱ्यांसह आणि आश्रमातील मुलांसह वेगळे झाले. मागे राहिलेल्यांत लेटन ट्रेसी हे कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतातून आलेले तरुण मिशनरी होते. ते १९०४ मध्ये भारतात आले होते आणि त्याच तुकडीतील गर्ट्रूड पेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. मिशनची घडी या दांपत्याने नव्याने बसवली. त्यांच्या मुलीने लिहिलेले ‘ट्रेसी साहिब ऑफ इंडिया’ हे चरित्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०८ मध्ये संप्रदाय अस्तित्वात आला, तेव्हा तयार ठाणे म्हणून बुलढाणा त्याला वारशात मिळाले. रेनल्ड्स यांनी १९१३-१४ मध्ये जगभरच्या मिशनठाण्यांचा दौरा केला, त्यात ते भारतातही आले होते.

कामाची पद्धत

घाटावरच्या कामाला ऋतूंची शिस्त होती. पावसाळ्यात रस्ते बंद, म्हणून मिशनरी बंगल्यावर राहून भाषा शिकत आणि उपदेशकांचे वर्ग घेत. दिवाळीनंतर थंडी पडली की तंबू, भांडी आणि पुस्तके बैलगाड्यांवर लादून दौरे निघत. आठवडी बाजार हे प्रचाराचे मुख्य ठिकाण असे. दिवसा पुस्तिका आणि शुभवर्तमानाच्या सुट्या प्रती विकल्या जात. रात्री पेटी-तबल्याच्या साथीने भजने होत आणि कंदिलाच्या उजेडात चित्रे दाखवून गोष्टी सांगितल्या जात. घरातील बायकांशी परपुरुषाने बोलणे रीतीला धरून नव्हते. ते काम ‘बायबल स्त्रिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती स्त्रिया करीत.

मंडळीची भाषा पहिल्यापासून मराठीच राहिली. उपासना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पाळक आणि सुवार्ता हे शब्द महाराष्ट्रातील इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांप्रमाणे येथेही रुळले. नारायण वामन टिळकांची भजने आणि ‘उपासना-संगीत’ हा गीतसंग्रह हा सर्व पंथांचा सामाईक ठेवा होता. पवित्रीकरणाची अमेरिकन शिकवण वऱ्हाडच्या खेड्यात अभंगाच्या चालीवर पोचली. अमेरिकेतील पवित्रीकरण चळवळीत रानात तंबू ठोकून दहा-दहा दिवसांचे मेळावे भरत. त्यांचेच देशी रूप म्हणजे बुलढाण्याचा वार्षिक ‘जंगल कॅम्प’. सुगी आटोपल्यावर गावोगावची ख्रिस्ती कुटुंबे चूलबोळक्यासह झाडाखाली उतरत. विखुरलेल्या, कुठे दोन तर कुठे चार घरांच्या समाजाला आपली संख्या आणि सोयरिकी कळण्याची ती वर्षातली एकमेव जागा असे.

बुलढाण्याखेरीज चिखली आणि मेहकर येथे ठाणी उभी राहिली. चिखलीला निवासी शाळा होती, आणि घाटावरच्या ख्रिस्ती समाजातील शिक्षणाचे ते प्रमुख केंद्र बनले. १९२० मध्ये आलेल्या प्रेस्कॉट बील्स यांनी पुढे बराच काळ मिशनची धुरा वाहिली. मराठी उपदेशकांत भुजबळ आणि बोर्डे ही नावे पुढे आली.

वाशीमचे रुग्णालय

नाझरीनांचे काम काही काळ ठाणे जिल्ह्यातील मुरबाड परिसरात आणि बंगालमध्येही होते. अमेरिकेत १९२९ नंतर महामंदी आली आणि देणग्यांचा ओघ आटला. दूरदूरची ठाणी चालवणे परवडेना, म्हणून ती एकामागून एक सोडून सारे बळ वऱ्हाडात एकवटण्यात आले. १९३० च्या दशकाच्या मध्याला मेथडिस्टांनी शेजारचे वाशीमचे आपले काम नाझरीनांच्या हवाली केले. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते. माघारीच्या या काळातच मिशनचे सर्वांत टिकाऊ काम उभे राहिले.

डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या. वाशीम येथे १९३८ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि त्याला हायरम रेनल्ड्स यांचे नाव देण्यात आले. आरंभी जुन्याच इमारतीत मोजक्या खाटा होत्या. पुढच्या इमारतींचे आराखडे आखणे आणि बांधकामावर उभे राहणे ही कामेही डॉ. स्पायकर यांनी केली. बाळंतपणे, हिवताप, क्षय, सर्पदंश आणि विहिरीत पडून झालेल्या दुखापती असे रुग्ण बैलगाडीतून, बाजेवरून येत. परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय येथे झाली, आणि ख्रिस्ती मुलींना शिक्षिकेखेरीज दुसरा व्यवसाय मिळाला. डॉ. स्पायकर यांनी सुमारे चाळीस वर्षे येथे काढली. वाशीम आणि बुलढाण्याच्या घाटावरच्या अनेक कुटुंबांना हे मिशन कळले ते दवाखान्यामुळे. त्यांपैकी बहुतेकांनी धर्म बदलला नाही.

जात, कायदा आणि १९५६

वऱ्हाडातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार आणि मांग समाजांतून घडला. शाळेत प्रवेश, विहिरीचे पाणी, बलुत्याच्या कामातून सुटका आणि माणूस म्हणून मान या गरजा धर्मांतराच्या मुळाशी होत्या. स्वातंत्र्यानंतर मात्र ही वाट अरुंद होत गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या मर्यादित झाल्या, आणि ख्रिस्ती झालेले दलित त्यांतून वगळले गेले. पुढे शीख आणि बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले.

१९५६ पर्यंत बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने १९५४ मध्ये माजी मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने परकीय पैसा आणि धर्मांतरे यांवर कठोर टीका केली. परदेशी मिशनऱ्यांना भारतात येणे त्या दशकापासून अवघड होत गेले. १९५६ मध्येच, १४ ऑक्टोबरला, नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि विदर्भातील महार समाज मोठ्या संख्येने त्यांच्यामागे गेला. सन्मानाची जी आस काही कुटुंबांना मंडळीकडे नेत होती, तिला स्वतःच्या नेत्याने दाखवलेली, देशातच रुजलेली वाट मिळाली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. तीत बौद्धांचे प्रमाण सुमारे १४ टक्के भरले. घाटावरच्या नाझरीन मंडळीची वाढ का थांबली, हे या आकड्यातून बरेचसे उलगडते. मंडळीचा कारभार दरम्यान भारतीय पाळकांच्या हाती आला, आणि शिकलेल्या पिढीतील अनेकजण पुणे-मुंबईकडे गेले.

कांपिनास

कांपिनास हे साओ पावलो राज्यातील शहर साओ पावलो महानगरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. ते १७७४ मध्ये वसले, एकोणिसाव्या शतकात कॉफीच्या व्यापारावर वाढले आणि रेल्वेमार्गांचे मोठे जंक्शन झाले. वऱ्हाडच्या कापसाला तेजी आणणाऱ्या अमेरिकन यादवी युद्धाचा या शहराशीही संबंध आहे. युद्धात हरलेल्या दक्षिणेकडील राज्यांतील अनेक कुटुंबे ब्राझीलला निघून गेली आणि कांपिनासजवळ सांता बार्बरा परिसरात कापूस पिकवू लागली. त्यांच्या पाठोपाठ १८६९ मध्ये दक्षिणी प्रेस्बिटेरियन मिशनरी कांपिनासला आले. त्यांनी काढलेले कॉलेज पीतज्वराच्या साथीमुळे लाव्रास येथे हलवावे लागले. पुढे १९०७ मध्ये कांपिनासला प्रेस्बिटेरियनांचे धर्मविद्यालय आले. त्यामुळे हे शहर ब्राझीलमधील प्रॉटेस्टंटांचे जुने केंद्र मानले जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पेंटेकॉस्टल लाटही आली. दोन स्वीडिश उपदेशकांनी १९११ मध्ये उत्तरेकडील बेलें शहरात सुरू केलेली मंडळी पुढे असेंब्लीज ऑफ गॉड म्हणून देशभर पसरली. नाझरीन १९५८ मध्ये कांपिनासला पोचले, तेव्हा जमीन नांगरलेली होती. अर्ल मोस्टेलर आणि ग्लॅडिस मोस्टेलर हे दांपत्य आधी पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे या पोर्तुगीज बेटांवर काम करीत होते. तेथील नाझरीन मिशन १९०१ मधले, म्हणजे बुलढाण्याच्या पाठोपाठचे. पोर्तुगीज भाषा त्यांना येत होती आणि स्तोत्रे व पुस्तिका तयार होत्या. वुड यांच्या तुकडीला मराठीची बाराखडी गिरवण्यापासून सुरुवात करावी लागली होती.

कांपिनासचा काळही अनुकूल होता. १९६६ मध्ये तेथे राज्य विद्यापीठ सुरू झाले, कारखाने आले, आणि खेड्यांतून व ईशान्येकडील दुष्काळी भागांतून माणसांचा ओघ लागला. अनोळखी शहरात आलेल्या या माणसांना ओळखीची माणसे, नोकरीची खबर आणि आजारपणात मदत मंडळीत मिळे. बहुतेकजण जन्माने कॅथलिक असल्याने बायबल, येशू, क्रूस हे सारे परिचयाचे होते. मंडळी बदलली तरी जातगोत तुटत नव्हते आणि कायद्याने मिळणारी सवलत जात नव्हती. आज कांपिनासची लोकसंख्या अकरा लाखांहून अधिक आहे. ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेत सुवार्तावादी प्रॉटेस्टंटांचे प्रमाण सुमारे २७ टक्के नोंदले गेले.

दोन ठाण्यांचा हिशेब

दोन्ही ठिकाणी शिकवण एक, संघटनेचे नियम एक, पैशाचा उगमही एक होता. फरक पडला तो जागेमुळे. कांपिनासला मंडळी शहराबरोबर वाढली, कारण रेल्वे, कारखाने आणि विद्यापीठ माणसांना तिच्या दारापर्यंत आणत होते. घाटावर मंडळीलाच माणसांकडे जावे लागले, तेही बैलगाडीने. कांपिनासच्या नव्या सभासदाला एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्यात जायचे होते. घाटावरच्या कुटुंबाला गाव, भावकी आणि १९५० नंतर सरकारी सवलतही पणाला लावावी लागे.

म्हणून दोन्ही मंडळ्यांचे माप एकाच काठीने घेता येत नाही. कांपिनासचे यश सभासदसंख्येत दिसते. घाटावरच्या मंडळीने संख्येत थोडे मिळवले, पण दुष्काळातल्या पोरक्या मुलांना आसरा, शिकलेल्या मुलींची पहिली पिढी आणि वाशीमचे रुग्णालय एवढे या कोरडवाहू मुलखाला दिले. तीन गटांच्या विलीनीकरणातून बनलेल्या आणि आज दीडशेहून अधिक देश-प्रदेशांत पसरलेल्या या संप्रदायाच्या परदेशी कार्याची सुरुवात भारतात झाली, आणि त्या कामाचे आरंभीचे ठाणे बुलढाणा हे होते.